तीन सप्लायर आणि एक मनगट

तीर्थस्वरूप दादांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचा गोड मानून घ्यावा.) तुमच्या उजव्या मनगटाची तब्येत कशी आहे? बाकीच्या तुमचीही विचारतोच आहे, पण आधी मनगटाची. प्लास्टर कधी निघणार, बोटं हलतात का, सगळं सविस्तर कळवा.

तुम्ही म्हणाल, दोन वर्षं ज्याने साधा फोन केला नाही त्याला आज माझं मनगट कुठून आठवलं? सांगतो. आमच्या पंपात अंगठीएवढा एक रबरी वायसर लागतो, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तो नसला की पंप पाणी ओढत नाही, नुसता ओरडतो (आमच्या मॅनेजरसाहेबांसारखा). खरेदी माझ्याकडे. बायकोच्या भावाकडून माल घेतला तर लोक बोटं दाखवतील, म्हणून मी तुमचा माल बंद केला आणि तत्त्वाचा माणूस म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढे साहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, एकावर विसंबू नका, पुरवठ्याची साखळी मजबूत करा. मी तीन सप्लायर नेमले. तिघं तीन दिशांना, खोकी तीन रंगांची. त्याबद्दल मला भिंतीवरचं घड्याळसुद्धा मिळालं.

सोमवारी पहिल्याचा माल आला नाही. मी नुसता हसलो. दुसऱ्याला फोन केला, त्याचंही तेच. तिसऱ्याला लावण्याआधी मात्र देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू? तो सरळ माणूस. म्हणाला, "साहेब, आम्ही तिघंही एकाच दादांकडून घेतो, खोकी तेवढी आपापली. दादा घसरून पडले, मनगट मोडलं. रबराचं मिश्रण स्वतःच करतात, प्रमाण कुणाला सांगत नाहीत." पत्ता विचारला, तर माझ्या सासुरवाडीचा!

तेव्हापासून लाइन बंद आहे. कामगार अर्धवट पंपांवर बसून गप्पा मारतात. साहेब तासातासाला माझ्या टेबलापाशी येतात आणि त्या बक्षिसाच्या घड्याळात वेळ बघून जातात. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शुक्रवारपर्यंत वायसर आले नाहीत तर माझी खुर्ची जाणार, हे नक्की.

असो. तुम्ही जपा, कामाची मुळीच घाई करू नका. वहिनींना नमस्कार.

तुमच्या घरचा जावई

ता. क. घाई करा. वरचं रीत म्हणून लिहिलं. प्रमाण निदान वहिनींच्या कानात सांगा, त्या मिश्रण करतील. (मला सांगू नका. मीही सांगितलं नसतं.)

ता. क. २. तुमच्या पडण्याची बातमी काल जेवताना हिला दिली. सप्लायरकडून कळली म्हटल्यावर ही ताटावरून उठली. म्हणाली, वायसर यायला तीन वाटा करून ठेवल्यात, माझ्या भावाची खबर यायला एकसुद्धा ठेवली नाहीत. फार लाज वाटली.

ता. क. ३. ही आत्ताच्या गाडीने तिकडे निघाली आहे, पत्र तिच्याच हाती देतो आहे. परत कधी येणार विचारलं, तर म्हणाली, दादा सांगेल तेव्हा. दादा, वायसरांचं राहू द्या. खुर्ची गेली तर स्टुलावर बसेन. हिला तेवढं लवकर पाठवा.