देवळाचा शिक्का

अहो,

नव्या जिल्ह्याच्या साहेबांना आणायला तुम्ही स्टँडवर गेलात आणि इकडं टँकर आला. मी घागरी घेऊन चालले. पोस्टाचा तो खास शिक्का देवघराच्या कोनाड्यात फडक्यात गुंडाळून ठेवलाय, तेवढा घेऊन पोस्टात जा.

रागावू नका. तुम्ही काल बजावलं होतं, "गुरम्मा, सरकारी हाय ते. पूजेत मांडू नको." पण त्यावर आपल्या महादेवाचं जुनं देऊळ कोरलेलं, नेमाच्या पूजेत माझा हात राहिला न्हाई. घागरीतला शेवटचा तांब्या त्यावर घातला, विभूती लावली, ती अक्षरांत जाऊन बसली. सुईनं सगळी काढलीय, तरी कळसापाशी एकदा बघा. नीट उठतो का म्हणून रद्दी कागदावर मारून पाहिला, तर माझ्या हातून तिरका पडला. तेव्हापासून जपात चित्त न्हाई.

फडक्याखाली एक पाकीट आहे, लोह्याच्या पत्त्यावर, आपल्या रुद्राणीच्या नावाचं. तिकीट लावलंय, आत माझं पत्र आहे. लेकीनं तिच्या मनानं लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली. तुम्ही तिला एक ओळ लिहिली न्हाई. आजही लिहा म्हणत न्हाई.

पण देवळाचा हा शिक्का पोस्टानं आजच्या एकाच दिवसापुरता काढलाय, उद्याच्या टपालावर तो पडायचा न्हाई. त्या पाकिटावर तो तुम्हीच मारा, शिपायाला सांगू नका. पोर पोस्टात तुमच्या टेबलाखाली बसून वाढलीय. बापाच्या हातचा सरळ शिक्का ती ओळखंल.

गुरम्मा