आडव्या फ्रीझरमधली ऊब

२ नोव्हेंबर, रविवार

आले बाई एकदाची महाडला! टेम्पोत गाद्या, पाळणा, कुकर, बादल्या आणि त्या सगळ्या पसाऱ्यात मी नि अक्षदा. वाईहून येताना आंबेनळी घाटात चार महिन्यांच्या पोरीने जरासुद्धा कुरकुर केली नाही, उलटी झाली ती साहिलला. बाप पिवळा पडलेला आणि लेक बोळकं पसरून हसतेय, असा आमचा गृहप्रवेश.

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पडवी. औद्योगिक वसाहत जवळ, कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते. घरमालक सयाजीकाका विरारला असतात, सगळं फोनवरच ठरलं. पण मी भुलले ती पडवीतल्या आडव्या डीप फ्रीझरला. काकांच्या भावाचं कोल्ड्रिंकचं दुकान होतं, त्यातला. वर झाकणाचा, पेटीसारखा. साहिलची नोकरी चाकणला, आमचा फ्रिज त्याच्या तिथल्या खोलीवर, तो काही इकडे यायचा नाही. माझी रजा संपली, उद्यापासून लॅबमध्ये हजर. अक्षूला पावडरचं दूध सोसत नाही, अंगभर पुरळ उठतं आणि जुलाब. म्हणजे मी दूध काढून ठेवायचं, ते गोठवायचं, आणि सांभाळणाऱ्या बाईने कोमट करून वाटी-चमच्याने पाजायचं. फ्रीझर नसेल तर माझी नोकरी नाही, इतकं साधं गणित आहे.

गंमत म्हणजे बंद घरात फ्रीझर चालू होता. आत हातभर बर्फ. तळाशी बर्फात रुतलेल्या दुधाच्या पिशव्या, मी वापरते तसल्याच. आधीच्या भाडेकरणीच्या असणार. दूध पिवळं पडलेलं. म्हटलं, शी! बटण बंद केलं, गरम पाणी ओतून बर्फ सोडवला, ते दूध मोरीत ओतून दिलं, फ्रीझर पुसून लख्ख केला. साहिल म्हणाला, आल्या दिवशी कसली ही हौस? मी म्हटलं, तू उलट्या कर, मी घर लावते.

५ नोव्हेंबर

अंगाचं पार चिपाड झालंय. आठ तास काचेच्या नळ्यांपुढे उभं राहायचं, मधल्या सुट्टीत बायकांच्या खोलीत कोपऱ्यात बसून दूध काढायचं, घरी आलं की अक्षू. झोप म्हणजे काय ते विसरलेच.

गोदूबाई मात्र देवासारख्या भेटल्या. शेजारच्याच. माहेरी कापड्याला भाताच्या झोडणीला गेल्या होत्या, सोमवारी सकाळीच परतल्या. अक्षूला सांभाळायला काकांनीच त्यांचं नाव सांगितलं होतं. अक्षूला मांडीवर घेऊन म्हणाल्या, पोर गुणाची हाय गो. मग फ्रीझर साफ केलेला पाहिला आणि विचारलं, आतलं दूध कुठं टाकलंस? मोरीत, म्हटलं. त्या पायरीवर बसूनच राहिल्या. गुडघे दुखत असतील.

फ्रीझर गार होत नाहीये. दूध नुसतं थंड होतं, गोठत नाही. थंडी वाढवायचं बटण पूर्ण फिरवून ठेवलंय.

८ नोव्हेंबर

सुट्टीचा दिवस फ्रीझरच्या सेवेत गेला. भिंतीपासून ओढून वीतभर पुढे घेतला, मागून हवा खेळायला हवी म्हणे. झाकणाचं रबर कोमट पाण्याने पुसलं. झाकणात वर्तमानपत्राची पट्टी धरून ओढून पाहिली, कुठेही सैल येत नाही, म्हणजे रबर ठीक. मागची धूळ काढली. व्होल्टेज कमी असेल म्हणून स्टॅबिलायझर लावला. लॅबमधला थर्मामीटर आणून आत ठेवला. उणे अठरा हवं. चार दाखवतोय. उणे नव्हे, चार! कप्पाळ माझं.

दुसरी भानगड म्हणजे दोन पिशव्या चपट्या झाल्या होत्या. आत थेंब नाही. भोक नाही, वरचं सील तसंच. मला वाटलं गोदूबाईंनी पाजून पुन्हा ठेवल्या असतील, पण सील? विचारायचं राहून गेलं, डोळे मिटत होते.

९ नोव्हेंबर, रविवार

दुरुस्तीवाला चंदू आला. बडबड्या आहे, पण कामाला चोख. गॅस भरलेला, मोटर व्यवस्थित. मग त्याने फ्रीझरच्या अंगाला बाहेरून तळवा लावला, पुन्हा पुन्हा लावून पाहिला. म्हणाला, ताई, फ्रीझर थंडी तयार करत नाय, आतली गरमी उचलून बाहेर फेकतो. मोटर चालू हाय म्हणजे हे पत्रं कोमट लागायला पायजे. हे तर बर्फावानी गार. आत थंडी नाय, बाहेर गरमी नाय, मग गरमी जाते कुठं?

मी म्हटलं, ते तूच सांगायचंस बाबा.

त्याने आणखी एक दाखवलं. तळाला सगळीकडे दव धरलंय, पण एका कोपऱ्यात सुपाएवढी जागा कोरडी. इथं गरम भांडं ठेवता का, म्हणाला. नाही ठेवत. दुरुस्तीचं काहीच नव्हतं म्हणून पैसेही घेतले नाहीत त्याने, आणि चहा न पिता गेला.

१२ नोव्हेंबर

अक्षू नीट पीत नाही. दोन घोट घेते नि झोपते. पाय गार लागतात. आज रजा टाकून महाड गावात डॉक्टरांकडे नेली. त्यांनी सगळं तपासलं. छाती साफ, वजन चांगलं. थंडीचे दिवस आहेत, गुंडाळून ठेवा, आईने काळजी कमी करावी. हो, करते ना कमी! सांगायला काय जातं त्यांचं!

पिशव्या सगळ्या चपट्या. गोदूबाईंनी देवाशपथ सांगितलं की त्यांनी हात लावला नाही.

कोरडी जागा पुन्हा पाहिली. ती गोल नाही. एकीकडे डोक्याएवढी, मग पाठीचा बाक, मग पोटाशी घेतलेले गुडघे. अक्षू कुशीवर झोपते तशी.

मी फार दमलेय. दमलेल्या माणसाला काहीही दिसतं.

१४ नोव्हेंबर

दोन थर्मामीटर. एक फ्रीझरमध्ये, एक अक्षूच्या काखेत. सकाळपासून बघतेय. तो चढतो तशी ही उतरते. योगायोग म्हणावा तर दर वेळी?

लॅबमध्ये कुणी असा तक्ता दाखवला असता तर मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. गरमी जाते कुठं ते कळलं चंदू.

गोदूबाईंना धरून बसवलं. खरं सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं.

आधी इथे प्रियदर्शिनी नावाची मुलगी राहायची. माझ्यासारखीच, कंपनीत. तिचा सार्थक पाच महिन्यांचा होऊन तापाने गेला. नदीकाठी पुरला. कापड्याकडची रीत अशी की अंगावर पितं मूल गेलं तर आईने दूध आटेपर्यंत रोज त्याच्या जागेवर पिळायचं, म्हणजे ते पोटभर पिऊन निघून जातं. पण तिच्या सासरच्यांनी तिला त्याच आठवड्यात नागपूरला नेलं. दूध राहिलं फ्रीझरमध्ये. परक्या हाताने ते टाकायचं नाही, म्हणून गोदूबाईंनी बटण बंद होऊ दिलं नाही. काकांना पत्ताही नव्हता. आईचं दूध जवळ हाय तवर पोर गप ऱ्हाईल, असं त्यांचं म्हणणं.

आणि मी ते मोरीत ओतलं. त्या झोडणीला गेल्या नसत्या तर मला अडवलं असतं. रडत होत्या. मला राग आला, त्यांचा, स्वतःचा, त्या मेल्या फ्रीझरचा.

बटण बंद केलं. प्लगसुद्धा काढला.

१५ नोव्हेंबर

प्लग भिंतीतून सुटलेला आहे आणि मोटर चालतेय.

अक्षूचे ओठ पांढरे.

१६ नोव्हेंबर, रविवार

साहिलला ओव्हरटाइम, आला नाही. फोनवर म्हणाला, झोप घे जरा शर्मिला, तू काय बोलतेयस! बरं.

मी माहेरी निघाले. पोलादपूरहून वाईची एसटी. अक्षू कापडात, कापड शालीत, शाल माझ्या पोटाशी. गाव मागे पडत गेलं तशी ती गार होत गेली. कापडे आलं तेव्हा नखं निळी. मी किंचाळले, कंडक्टरने गाडी थांबवली. कुणीतरी दवाखान्यात न्या म्हणत होतं. मी समोरून आलेल्या जीपला हात केला, महाडकडे. घराच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा तिने डोळे उघडले.

तो जाऊ देत नाही. ती गेली की ऊब जाते ना त्याची.

१७ नोव्हेंबर

नदीकाठी जागा दाखवली गोदूबाईंनी. माझंच दूध पिळलं तिथे. मातीने घेतलं नाही. तसंच वर थांबलं, अळवाच्या पानावर पाणी थांबतं तसं.

कंपनीतून प्रियदर्शिनीचा नंबर मिळवला. मी सगळं सांगितलं. ये, म्हटलं. पाया पडते. ती म्हणाली, माझं कधीच आटलं हो. मग तिनेच विचारलं, त्याला थंडी तर वाजत नाही ना?

नाही म्हटलं.

१९ नोव्हेंबर

कामावर जात नाही. फोन वाजतो, वाजू दे.

फ्रीझर सदतीसला जरा कमी. ताप नसलेल्या बाळाचं असतं तेवढं.

अक्षूचा थर्मामीटर चढतच नाही. चोळते, फुंकर घालते, छातीशी धरते. तोंड उघडत नाही. माझी छाती दगड झालीय दुधाने, ठणकतेय. पोर समोर आणि दूध असूनही—

पडवीत चुटुचुटु आवाज. रिकाम्या पिशव्या चोखतो.

मी गोदूबाईंना विचारलं, मीच पाजलं तर? त्यांनी माझं मनगट धरलं. त्याला छातीला लावू नको गो. लावलंस तर सोडायचा नाय. तुझं सगळं ओढील.

दुसरं काय आहे माझ्याकडे?

२० नोव्हेंबर, दुपार

गोदूबाई दवाखान्यासाठी रिक्षा आणायला गेल्यात. रिक्षा काय करणार.

झाकण उघडलं. दिसलं काहीच नाही. कोरड्या जागेवर हात ठेवला — ऊब. हाताखाली बारीक पाठ, वर-खाली होणारी. उचलला. वजन आहे. अक्षूपेक्षा जड.

पाळणा शेजारी ओढलाय. भिंतीला टेकून बसलेय, डावीकडे तो, उजव्या हाताने लिहितेय. लिहिलं नाही तर झोप लागेल मला.

पितोय. हपापल्यासारखा पितोय. किती उपाशी होतास रे. मला वाटलं होतं मी तुझा रागराग करेन—

अक्षूचे पाय! गुलाबी. बोटं हलली.

नखांचा निळा रंग गेला. देवा. देवा.

आता दुसरं काही नको मला.

डावा खांदा बधिर. मान पण. फार गार — हाडात. पुरे आता राजा. तुझं झालं ना, आता तिला — नाही सोडत. बोट घालून सोडवायला गेले, बोट दिसतंय पण कळत नाही माझं मला.

झोप येतेय. छान झोप. नाही, लिही, लिही शर्मि

अक्षू रडली! खणखणीत. किती दिवसांनी. गाल लाल, मुठी वळून — भूक लागली माझ्या बाईला! आले गं. आले. पाळणा हातभर तर लांब आहे. पाय उचलत नाहीये. रडू नको राणी, आई आली, हा जरा सोडू दे — सोड रे — तिला भूक