ऑपरेशनआधी बाबांना

ट्रॉय, मिशिगन
५ मार्च

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

रंगारीकाकू शनिवारी नागपूरला पोचतील. त्यांच्याबरोबर तीन डीव्हीडी पाठवतेय. पहिली आधी लावा. एका म्हाताऱ्या गायकाची चर्चमधली मैफल आहे. शब्द कळले नाहीत तरी मागचे कोरसवाले त्याला कसे उचलून धरतात ते बघा. दुसरी बायकांच्या बँडवरची डॉक्युमेंटरी आहे, आईला आवडेल. तिचे गुडघे कसे आहेत?

तिसरीत तुम्हीच आहात. इंदोऱ्यातला चौदा एप्रिलचा तुमचा भीमगीतांचा कार्यक्रम, दादारावकाकांनी दिलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून इथे उतरवून घेतला. चित्र हलतं, पण आवाज स्वच्छ आहे. ही मात्र ऑपरेशननंतर, मन झालं तरच बघा.

आम्ही बरे आहोत. तुमच्या जावयाचा जॉब गेलाय, पण इंटरव्ह्यू चालू आहेत. आमचा व्हिसा त्यावरच आहे. वकील म्हणतात, आत्ता देश सोडला तर परत येणं कठीण. म्हणून येत्या गुरुवारी मी तुमच्याजवळ नसेन. रागावू नका.

काल तुम्ही फोनवर म्हणालात, "स्वरयंत्र काढलं तरी माणूस राहतोच की." मी हो म्हटलं. नंतर तुमच्या नातीनं विचारलं, "मम्मा, विल आजोबा टॉक अगेन?" मला खोटं बोलता आलं नाही. ती रडली नाही, नुसती तिच्या खोलीत गेली.

बुधवारी संध्याकाळी फोन करा. घसा दुखेल, माहीत आहे. गाऊ नका. फक्त नातीला 'यशोधरा' अशी पूर्ण नावानं हाक मारा. मी रेकॉर्ड करून ठेवणार आहे.

तुमचीच,
मोनाली