बाईंचा खो

२ डिसेंबर १९७३
ह्यांनी निवृत्तीनंतर इथल्या चादरीच्या कारखान्यात मॅनेजरकी पत्करली, म्हणून बडोद्याचे घर मोडून सोलापुरात आलो. गाव बदलले की माणसाने मनही बदलावे. आजपासून मी सोलापूरकर. ‘आमच्या बडोद्यात’ हे शब्द पुन्हा तोंडातून काढणार नाही.

संध्याकाळी: जेवताना काढले, असे हे म्हणतात. ते आमटीविषयी होते. आमटीविषयी खोटे बोलणे मला जमणार नाही.

५ डिसेंबर
गावाशी एकरूप होण्याचा मार्ग सापडला. समोरच्या मैदानावर मुलींचा खो-खो संघ सराव करतो. घरमालकीण कस्तुराबाई यांची पुतणी मायाक्का त्याची कॅप्टन. मी स्वतः कॉलेजच्या संघात होते. राखीव होते, पण राखीव खेळाडूला खेळ जास्त दिसतो. संघ दत्तक घेतला. संघाला अजून कळवलेले नाही.

८ डिसेंबर
कळवले. प्रशिक्षक चन्नप्पा म्हणाले, “या की बाई, बसा.” बसले नाही. मुलींचा खो फारच मवाळ. पुढचीच्या पाठीला हात लावून सर्दी झाल्यासारख्या पुटपुटतात. खो पोटातून आला पाहिजे. मी जन्मभर हायस्कूलात गणित शिकवले ते पोटातूनच. एकदा देऊन दाखवला. रस्त्यावरचा टांगा थांबला.

१४ डिसेंबर
आता रोज रेषेबाहेर उभी राहून मीच खो देते आणि मैदानाच्या मधल्या पाटीवर ओळीने बसलेल्या मुली माझ्या आवाजासरशी उठून पळण्याचा सराव करतात. विजेसारख्या उठतात. चन्नप्पा म्हणाले, “बाई, पाठीला हात लागल्याबिगर उठलं तर फाऊल हाय की.” ही तांत्रिक बाब. आधी चपळाई येऊ दे.

‘आमच्या बडोद्यात’ आज फक्त मैदानावर म्हटले.

२३ डिसेंबर
संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की इथे निमंत्रित संघांच्या स्पर्धा. बडोद्याचा संघ येणार, आणि आपला सामना त्यांच्याशीच. त्यांची मॅनेजर माझी जुनी विद्यार्थिनी, असे पत्रावरून कळले. मी शांत आहे. तीन रात्री झोप नाही, ती हवेमुळे.

कस्तुराबाईंनी जिन्यातच गाठले. “बाई, खरं सांगा. त्या दिवशी तुमी कुनाकडच्या?” मी म्हटले, हा प्रश्नच अपमानास्पद आहे. त्या म्हणाल्या, “आपमान ऱ्हाऊ द्या वो. गल्लीतल्या बायका इचारत्यात. माहेरचं मानूस दिसलं की बाईमानूस इरघळतंय.”

मी विरघळणाऱ्यांतली नाही. आता त्या दिवशी सगळ्या गल्लीला दिसेल मी कुणाची ते.

१७ जानेवारी १९७४
बडोद्याचा संघ आला. निश्चय: भेटायला जायचे नाही, हसायचे नाही, मुलींना कुठे काय चांगले मिळते हे सांगायचे नाही.

संध्याकाळी भेटून आले. हसले नाही. डबाभर शेंगाचटणी दिली, पण ती सोलापूरची होती. म्हणजे तो आपलाच प्रचार. परतताना कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. डबा रिकामा का, असे त्यांनी विचारले नाही. नुसते डब्याकडे बघितले.

१९ जानेवारी, दुपारी २
सामना चारला. ह्यांनी विचारले, घसा ठीक आहे ना? मी म्हटले, आज मौन पाळणार आहे. हे म्हणाले, मग मीही येतो, बघण्यासारखे आहे.

१९ जानेवारी, सायंकाळी
क्रमवार लिहिते, म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट होईल.

सोलापूरच्या बाजूला बसले. मौन पाळले. शेवटच्या मिनिटात आपण एका गुणाने मागे. बडोद्याची शेवटची मुलगी पळत पळत मायाक्काच्या अगदी पुढ्यात आलेली. मायाक्का उठली की ती बाद, आणि बरोबरी. पाठलाग करणारी आपली मुलगी अजून दोन हात मागे. मला बडोदे आठवले नाही. स्वतःचे नावही आठवले नाही. मी उभी राहिले आणि पोटातून खो दिला.

मायाक्का विजेसारखी उठली. पाठीला कुणाचा हात नव्हता. पंचांची शिट्टी, फाऊल. बडोद्याची मुलगी निसटली. वेळ संपली.

त्यानंतर त्यांच्या मॅनेजरने लाऊडस्पीकरवरून जाहीर आभार मानले: “आमच्या बाई परगावी राहूनही आम्हाला विसरल्या नाहीत.” टाळ्या एकाच बाजूने आल्या.

 घरी आल्यावर हे म्हणाले, “पोटातून होता, यात शंका नाही.”

२० जानेवारी
जिन्यात कुणी भेटले नाही. एरवी गिरणीचे दळण माझ्या हातून पाठवणाऱ्या कस्तुराबाईंनी आज ते पाठवले नाही. हे गाव मनाने लहान आहे. इथे कुणाला आपले करून घेण्यात अर्थ नाही. ह्यांना बदली मागायला सांगितले. निवृत्त माणसाला बदली मिळत नाही म्हणे.

२१ जानेवारी, सायं. ७
पाचच्या सुमारास कस्तुराबाई स्वतः वर आल्या. “चला की ग्राउंडावर. पोरी वाट बघाय लागल्यात.” मला ठाऊक होतेच. मार्गदर्शनाशिवाय संघाचे अडते. चांगले पातळ नेसले, वाटेत छोटेसे क्षमापर भाषण जुळवले. त्यातले अर्धेअधिक पंचांविषयी होते.

भाषणाची वेळ आली नाही. चन्नप्पांनी मला रेषेबाहेर माझ्या जुन्या जागी उभे केले आणि मुलींना सांगितले, “बाई खो देतील. हात लागल्याबिगर जी उठंल तिला ग्राउंडाला पाच चकरा.” मग मला म्हणाले, “द्या बाई. दम लावून.”

दिला. दोघी उठल्या, चकरांना गेल्या. पुन्हा दिला. एकही उठली नाही. पुढे अर्धा तास पोटातून देत होते. शेवटी शेवटी मायाक्का पाटीवर बसून वेणी घालत होती. चन्नप्पा म्हणाले, “शाब्बास.” मला नव्हे.

उद्याही बोलावले आहे.

परतताना माझा चेहरा पाहून कस्तुराबाई म्हणाल्या, “वाईट कशापायी वाटून घेता? आता झालात की तुमी घरच्या. आमच्यात सासूबाई दिवसभर वरडत्यात, कोन उठतंय?”