आईची गाणी आणि ट्यूबचा माईक

१२ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

तुला नमस्कार. वहिनीला आठवण. आमच्याकडे सगळे बरे आहेत. यांची गुडघेदुखी थंडी सरल्यापासून कमी झाली. माझ्या गळ्यावरचा ऑपरेशनचा व्रण इतका फिका झालाय, की शेजारीण परवा विचारत होती, साखळीची खूण पडलीय का तिथे. मी हो म्हटलं. सगळ्यांना सगळं कुठे सांगत बसायचं.

तुझं पत्र मिळालं. आईच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या भागाचं काम काढायचंय, तिची गाण्यांची वही पाठवून दे, असं लिहिलंयस; पहिला भाग कधी निघाला ते मात्र लिहिलं नाहीस. वहीचं पुढे लिहिते. आधी तुझ्या धंद्यातली बातमी सांगते. मी माईक घेतला. घरी गायला. ट्यूबचा.

आत्ता तू चष्मा काढून कपाळ चोळलं असशील. पडदे शिवणाऱ्या बाईला ट्यूबचा माईक कशाला?

तेच दुकानदारानेही विचारलं. म्हणाला, "साधा कंडेन्सर घ्या ताई. स्वस्त आणि स्वच्छ. ट्यूबवाल्याला विजेचा वेगळा डबा, वेगळी जाड वायर, वर तापायला वीस मिनिटं. घरी एवढी कटकट कोण करणार?"

"मी," म्हटलं. "मशीनला तेल घालायचं, बॉबिन भरायची, मग पहिला टाका. मला सवय आहे."

त्याने तीन माईक लावले, मला हेडफोन दिले. तिन्हींसमोर मी आईच्या त्याच दोन ओळी म्हटल्या, तिच्या झोपाळ्याच्या गाण्यातल्या. साध्या माईकमध्ये माझा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचला, आणि शब्दाआधी हवाच ऐकू आली. तुला ठाऊक आहे, आता माझ्या आवाजातून हवा निसटते. दुसरा ट्यूबचा, महागातला. त्याने सगळ्यावर अशी झिलई चढवली, की क्षणभर मला ऑपरेशनच्या आधीची मी ऐकू आले. दुकानदार खूश झाला. मला मात्र इस्त्री करून कुणी दुसऱ्याचंच कापड हातात दिल्यासारखं वाटलं. तिसराही ट्यूबचा, पण आपल्या ऐपतीतला. जाळीला पोचा आलेला, गप्प बसलं की बारीक सूं ऐकू येते. पण खालच्या सुरांना त्याने अंग दिलं. खरखर राहिली, टोचली नाही. माणूस जवळ बसून गातोय असं वाटलं.

मी हाच देऊन टाका म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "पण हे गाणं तुम्हाला कसं येतं? आमच्याकडे स्पीकर दाखवताना आम्ही हेच लावतो."

आणि त्याने लावलं.

दादा, त्या रेकॉर्डिंगमधली मुलगी छान गाते. तिच्यावर माझा राग नाही. मधली पेटी तुझी, मी पहिल्याच सुराला ओळखली. मग दुसरं कडवं आलं, आणि तिच्या आवाजामागे कुणीतरी गुणगुणत होतं. ती मी होते. ऑपरेशनच्या आधी तुझ्या स्टुडिओत गाताना, मध्येच श्वास घेताना माझी खुर्ची करकरली होती आणि तू काचेपलीकडून म्हणाला होतास, "राहू दे, जिवंत वाटतं." ती करकर तशीच आहे.

म्हणजे तू सांगितलंस तशी आपल्या रेकॉर्डिंगची डिस्क गेली नव्हती.

दुकानदाराने माझ्याकडे बघून आवाज कमी केला. "ओळखीचं कुणी आहे का?"

"मागे गुणगुणतेय ती मी."

त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाण्याखालची नावं काढून दाखवली. आईचं होतं, तुझं होतं, त्या मुलीचं होतं. माझं नव्हतं. बिचाऱ्याने खालपर्यंत दोनदा शोधलं. मग पोचा आलेला माईक खोक्यात घालायला लागला.

तू एवढंच म्हणायला हवं होतंस, की "तुझा आवाज आता चालणार नाही." मी रडले असते, महिनाभर बोलले नसते, पण ते आपल्या दोघांतलं राहिलं असतं. ऑपरेशननंतर तुझ्या स्टुडिओत पहिल्यांदा गायले, तेव्हा काचेपलीकडून माझ्याशी बोलायचं बटण तू बंद ठेवलं होतंस. पण काच तर होती ना. तू मान हलवलेली मला दिसली.

आता माझंही ऐक. तू फोन करून "डिस्क गेली, सगळं पुसलं गेलं" म्हणालास, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. पुन्हा त्या काचेसमोर उभं राहायला नको म्हणून. दीड वर्ष मी तुझ्या खोट्याच्या आडोशाला आरामात बसले, एकदाही नीट विचारलं नाही. तेवढी चूक माझी. बाकीची तुझी.

हल्ली दुपारचं काम आटोपलं, की कपडे वाळत घालायच्या स्टँडवर उरलेले मखमलीचे तुकडे टाकते, खोलीचा घुमारा मरतो. माईकचा विजेचा डबा शिवणाच्या मशीनवर ठेवते. वीस मिनिटं माईक तापतो, मी सूर लावते. काळी पाचची पट्टी सोडली, पांढरी चारला उतरले. पहिले नऊ दिवस वाया गेले. कधी लिफ्ट वाजली, कधी माझीच हिंमत गेली. यांनी तर दारावरची बेलच काढून ठेवलीय. पहिलं गाणं नीट झालं ते त्यांना ऐकवलं. म्हणाले, "ही तूच ना?" म्हटलं, हो. म्हणाले, "मग ठीक आहे."

आणि सांग, आई कधी काळी पाचला गायली? दोन ओठांत टाचण्या धरून, मशीन चालवता चालवता गायची ती. आवाज खालीच असायचा. गोड वाटावं म्हणून ती गाणी वर तू नेलीस. मीही गेले तुझ्यामागून.

सहा गाणी झालीत. वही मी पाठवणार नाही. दुसरा भाग मी गाणार, याच खोलीत, याच माईकवर. तुला यायचं असेल तर ये, पेटी घेऊन ये, आणि कुठे काय कमी-जास्त करायचं ते तुझ्याइतकं कुणाला कळत नाही हेही मी मानते. पण माझ्या आवाजातली हवा काढायची नाही. आणि पहिल्या भागात माझं नाव घाल. त्या मुलीलाही सांग, तिच्यामागे कोण आहे ते. तिला माहीत असायला हवं.

फोन करू नकोस. तू हळू आवाजात "ऐक ना" म्हणालास, की मी विरघळते. काय म्हणायचं ते लिही.

आईची मुलगी, तुझी धाकटी बहीण,
आणि तुला चालो न चालो,
गायिका