तू कोर्टात म्हणली होती ते

नरसी नामदेव,
९ फेब्रुवारी २०२५

चि. ऐश्वर्यास,

कमलबाईचा सप्रेम जय भीम. 'चि.'च्या पुढं 'सौ.' लिहावं का न्हाई, तिथंच हात थांबला. तेवढं मोकळं सोडलं.

तब्येत कशी हाय? तुझ्या आईचे गुडघे कसे हायत? आमच्याकडं हळद काढणं सुरू झालं. जिकडं तिकडं हळद शिजवून राहिलेत, सगळ्या गावाला वास सुटला. तुला दिवस गेल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत ह्याच वासानं मळमळायचं. ओढणी नाकाला लावून तू आतल्या खोलीत बसायची.

रत्नपाल बरा हाय. शाळेच्या कामात असतो.

शेजारची गोजरबाई भाचीच्या लग्नाला तुमच्या औंढ्याला येणार हाय, तिच्याकडं हे पत्र देते. तुझ्याच हातात दे म्हणून सांगितलंय. तुझ्या भावाच्या हाती पडलं तर तुझ्यापर्यंत येणार न्हाई. बुद्धभूषणवर माझा राग न्हाई असं लिहिणार होते, पण खोटं काहून लिहू? राग हाय.

दिवाळीच्या आधी कोर्टानं तुझा आमच्यावरचा छळाचा अर्ज फेटाळला, ते तुला ठाऊकच हाय. गोजरबाईनं साक्षीत बराबर सांगितलं, की तू न्हाणीत पडली तवा मी तिच्या ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत होते आन तुझी हाक ऐकून आमी दोघी पळालो. त्याच्या आधी तुझ्या वकिलानं मला किती येळा विचारलं, "सून पडली, का तुम्ही ढकललं?" मी म्हणले, "साहेब, मी तिला उचललं." तू खाली मान घालून बसली होती. तू वर पाहशील म्हणून मी बोलता बोलता थांबले पण होते.

निकाल लागला तवा लोक म्हणले, कमलबाई, सुटलात. काय सुटले? गावात कुणाचं बाळंतपण झालं, की लेकरू न्हाऊ घालायला मलाच बोलवायचे, तू पाहिलंय. पोलिसाची गाडी दारात आली तवापासून कुणी बोलवलं न्हाई. आपल्या गल्लीतल्या शिवकन्याला पोरगं झालं, तवा मी आपली होऊन गेले, तर तिची सासू दारातच म्हणली, "मावशी, पोरीच्या माहेरचे नको म्हणतेत. वाईट वाटून घेऊ नका." निकाल लागला तरी तसंच हाय. कोर्टानं काय म्हणलं ते मी दारोदार सांगत फिरू का?

वर लिहिलं रत्नपाल बरा हाय. तसं न्हाई. त्यो इथं राहत न्हाई. हिंगोलीत खोली करून राहतो. माझ्याशी बोलत न्हाई.

माझ्या साक्षीचा कागद करायचा होता तवाची गोष्ट. आमचे वकीलसाहेब म्हणले, "आई, एक ओळ घालू. सून फोनवर कुण्या पोराशी बोलायची. एवढ्यानं काम होऊन जाईल."

मी रत्नपालकडं पाहिलं. त्यो खिडकीकडं पाहत म्हणला, "कर सही."

मी म्हणले, "ती तिच्या आईशी बोलायची. बाळंतपणाला कधी न्यायचं, ते ठरवत होत्या मायलेकी."

"त्यांनी इतकं खोटं लिहिलं, ते?"

"त्यांनी लिहिलं. मी न्हाई लिहिणार."

वकीलसाहेबांनी ओळ काढली. पायऱ्या उतरल्यावर रत्नपाल म्हणला, "तू माझी आई हायस, का तिची?" त्याला तरी काय बोलू? शाळेत पोरं त्याच्या पाठीमागं 'बायकोला मारणारे सर' म्हणायची. त्यानं तुझ्यावर कधी आवाज पण चढवला न्हाई. हे तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

तुझा जबाब झाला त्या दिवशी तू मधीच रडली आन म्हणली, "मला माझं लेकरू पण दाखवलं न्हाई." जजसाहेब म्हणले, हा मुद्दा इथं न्हाई. मी उठले, तर वकिलानं हात धरून खाली बसवलं. तुझा अर्ज वाचून दाखवला होता तवा मला वाटलं, हे कुण्या दुसऱ्याच घरचं हाय. शिळं अन्न, चटके, मार. त्या सगळ्यात ते एकच वाक्य तुझं होतं.

ऐश्वर्या, मी लई विचार केला. नुसता पाय घसरला आन लेकरू गेलं, हे कोणत्या आईला सोसंल? कुणी ढकललं असतं, तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या. बोट दाखवायला मीच होते. तकलीफ लई झाली, अजून होते. पण एवढं मला कळतं.

पोरगी होती. तू दवाखान्यात बेशुद्ध होती, रत्नपाल तुझ्यासाठी रक्त आणायला नांदेडला गेला होता. सिस्टरनं तिला माझ्या हातात दिलं. जिवंत नव्हती. तरी मी कोमट पाणी मागून घेतलं आन गावातली सगळी लेकरं न्हाऊ घातली तशी तिला न्हाऊ घातली, मान सांभाळून. डोक्यावर दाट जावळ होतं, मानेपर्यंत उतरलेलं. बोटं लांब, रत्नपालसारखी. डावा कान वरून थोडा दुमडलेला, तुझा हाय तसा. तोंड शांत होतं. कुठं खरचटलेलं नव्हतं, काही नव्हतं. झोपल्यावानी दिसत होती.

तुझ्या हिरव्या ओढणीत गुंडाळली. मळ्यात, सीताफळीच्या बुडाशी मातीत ठेवली. त्रिसरण मीच म्हणलं, पुरं म्हणलं. तू शुद्धीवर आली, की तुझ्याजवळ बसून हे सगळं सांगायचं होतं. पण मी मळ्यातून येईपर्यंत बुद्धभूषण गाडी घेऊन आला होता, तुला दुसऱ्या दवाखान्यात हलवलं होतं. त्याच्यानंतर आपण भेटलो ते कोर्टात, तारखेला.

नाव मी ठेवलं न्हाई. ते तुमच्या दोघांचं काम होतं.

रत्नपालनं धाडलेल्या फारकतीच्या कागदावर सही कर, नको करू, मी काही म्हणणार न्हाई. मला परत बोलवायचं म्हणून हे लिहिलं न्हाई. पण कधी तिच्यापाशी यावं वाटलं, तर विहाराच्या मागून पायवाट हाय. आमच्या दारावरून यावं लागत न्हाई. मला सांगू पण नको. तिथलं गवत मी काढते, जागा लगेच दिसंल.

जेवत जा.

तिची आजी,
कमल