आप्पांच्या पाठीवरचं खोगीर

बेळगाव, मंगळवार, डिसेंबर १९८२

आज अनगोळच्या मारुतीआप्पांना मी नको तो सल्ला देऊन बसलो. त्यांच्या टांग्याच्या घोडीच्या पाठीचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. जखम भरली, आता जुंपायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण खोगीर दिसलं की घोडी पाठ चोरते. तिची भीती मोडावी म्हणून आप्पा महिनाभर ते स्वतःच्या पाठीवर बांधून तिला फिरवताहेत. गल्लीला करमणूक. "आप्पा, टांग्याला तुमीच जुंपून घ्या की!"

आज घोडीनं त्यांच्या पाठीवरचं खोगीर हुंगलं, त्यावर मान टेकली. आप्पांचे डोळे भरले. "तुमी पेपरवाले, लई जग बघितलंय. उद्या जुंपू व्हय?"

मी म्हणालो, जुंपा. आप्पांवरच्या माझ्या लेखाला शेवट हवा होता, म्हणून तर तसं म्हणालो नाही ना?

मग त्यांनी खोगीर तिच्यावर ठेवलं. पुन्हा पाठ चोरली तिनं. दुखतंय, की नुसतं आठवतंय? आप्पा पट्टा आवळत होते, त्यांना दिसलं नाही. मला दिसलं, आणि मी गप्प राहिलो.

सकाळी सहाला जुंपणार आहेत. पाचचा गजर लावलाय. जाऊन काय सांगणार, तेच कळत नाही.